अवघड स्तोत्रं प्रार्थनेत वाचायची की गाळायची? यादी करणाऱ्यासाठी थोडं कामाचं

बायबलमधली दीडशे स्तोत्रं आम्ही ख्रिस्ती लोक घरोघरीच्या प्रार्थनेत वाचतो, पण त्यातली काही अवघड आहेत, त्यात शत्रूंना शाप दिलेत. त्या प्रार्थनेची यादी करायचं काम ज्याच्या गळ्यात पडलंय त्याच्यासाठी हे लिहितोय. कुठल्या बुधवारी कुठलं स्तोत्र, वाचणार कोण, कुणाच्या घरी, पेटी कोण आणणार हे सगळं बघणारा एक माणूस प्रत्येक मंडळीत असतोय, इथं कोल्हापुरात आमच्यात तो मी. सुरुवातीला मी लय सोपी युक्ती काढलेली, स्तोत्र १ पासून सुरू करायचं आणि दर आठवड्याला एक पुढं सरकायचं, मोठं असलं तर दोन तुकडे करायचे, डोकं लावायची गरजच नाही. १३७ पर्यंत हे बरं चाललं.

१३७ ला नऊ वचनं आहेत. आम्ही गोल बसून एकेकानं एकेक वचन वाचतो, तर नववं वचन आलं एका पोरीकडं, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच प्रार्थनेला आलेली, मांडीवर चार महिन्यांचं बाळ. आणि ते वचन म्हणजे शत्रू असलेल्या बाबेलची (बॅबिलोनची) लहान लेकरं धरून जो खडकावर आपटेल तो धन्य. ती अर्ध्यावर थांबली, बाळाकडं बघितलं आणि पुस्तक मिटलं. कुणीतरी घाईघाईनं गाणं धरलं, पेटीवाल्याला सूर सापडेना, सगळा घोळ. चूक माझीच, मी आधी वाचून बघितलंच नव्हतं.

आता कुणी विचारेल की त्याच्या आधी ५८, ८३, १०९ ही शापांची स्तोत्रं पण आली असतील की, तेव्हा काय केलं. तर ५८ च्या वेळी पाऊस म्हणून प्रार्थनाच झाली नव्हती, ८३ नावांची यादी म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही आणि १०९ च्या आठवड्याला मी "हे फार मोठं आहे, आपण ११० घेऊ" म्हणून गुपचूप पुढं गेलो. हे गुपचूप पुढं जाणं म्हणजेच गाळणं. आपण बहुतेकजण हेच करतो आणि वर म्हणतो की आमच्याकडं पूर्ण शास्त्र वाचतात.

त्या बुधवारनंतर दोन तट पडले. एक म्हणाले असली स्तोत्रं प्रार्थनेत नकोतच, दुसरे म्हणाले देवाच्या वचनाला कात्री लावणारे आपण कोण. मी दोन्हीकडचं ऐकलं, नंतर बरंच वाचलं, आणि माझं मत असं झालंय की कायमचं कुठलंच स्तोत्र गाळू नये, पण कुठलंही स्तोत्र कुठंही कुणाच्याही हातात न सांगता देऊ नये. एखाद्या दिवशी एखादा भाग सोडायचाच असेल तर तो सगळ्यांना सांगून सोडायचा. कसं करायचं ते पुढं सांगतो.

आधी अवघड स्तोत्रं कुठली ते एकदा स्वतः बसून वाचा, मोबाईलवर नको, पुस्तक घ्या आणि पेन्सिल घ्या. ५८, ८३, १०९ ही अख्खी कडक. ३५, ५९, ६९, ७९, १३७, १४० यांच्यात मोठे तुकडे आहेत. आणि काही अशी की जिथं तुम्हाला अपेक्षाच नसते, म्हणजे १३९. "तू मला पारखलं आहेस, ओळखलं आहेस" म्हणून आपण ते बारशाला वाचतो, वाढदिवसाला वाचतो, आणि १९ ते २२ मध्ये एकदम दुष्टांना मारून टाक आणि मी त्यांचा अगदी पुरा द्वेष करतो असं येतं. ८८ वेगळ्या कारणानं अवघड आहे, त्यात शाप नाहीत पण ते अंधारातच संपतं, शेवटी आशेचा एक शब्द नाही. एक सावधगिरी म्हणजे नंबर. जुन्या कॅथलिक पुस्तकात बऱ्याच स्तोत्रांचा नंबर एकनं कमी असतो, आपलं १०९ तिथं १०८, तर नात्यागोत्यातल्या कॅथलिक पाव्हण्यांबरोबर प्रार्थना असेल तर आधी जुळवून घ्या नाहीतर अर्धे लोक एक वाचतात अर्धे दुसरंच.

मोठ्या मंडळ्यांनी याचं काय केलंय तेही माहीत असू द्या, कारण वाद झाला की कुणीतरी म्हणतंच की हे असलं गाळणं आजकालचं फॅड आहे. फॅड बिड काही नाही. सहाव्या शतकात बेनेडिक्टनं आपल्या मठवासीयांना सांगून ठेवलं की दर आठवड्याला दीडशेच्या दीडशे स्तोत्रं झाली पाहिजेत, आणि टोमणा पण मारला की आपले वाडवडील हे एका दिवसात करायचे, आपण आळशी लोक निदान आठवड्यात तरी करू. अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या लोकांच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात सगळी स्तोत्रं महिन्याच्या ३० दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिलीत, तिथं १०९ येतं २२ तारखेला संध्याकाळी, मग तुमचा मूड असो नसो. उलट बाजूला मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली. त्यानं १७८४ मध्ये अमेरिकेतल्या मेथडिस्ट लोकांसाठी उपासनेचं पुस्तक केलं तेव्हा बरीच स्तोत्रं काढूनच टाकली, ख्रिस्ती मंडळीच्या तोंडी ही शोभत नाहीत असं सरळ लिहिलं. आणि कॅथलिकांनी १९६० च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर दैनिक प्रार्थना नव्यानं बसवली तेव्हा आठवड्याचं चक्र चार आठवड्यांचं केलं आणि ५८, ८३, १०९ ही तीन पूर्ण वगळली, बाकीच्या काही स्तोत्रांतली वचनं पण काढली, १३९ मधली ती १९ ते २२ धरून. कारण दिलं मानसिक अडचण. पण त्याच परिच्छेदात हेही मान्य केलं की असली प्रार्थना नव्या करारात पण आहे, प्रकटीकरण ६:१० मधले रक्तसाक्षी, म्हणजे विश्वासापायी मारले गेलेले, "किती काळ" म्हणून ओरडतात ती.

म्हणजे गाळणारे पण शहाणे होते आणि न गाळणारे पण. गाळणाऱ्यांच्या बाजूनं सगळ्यात भारी मुद्दा मला वाटतो तो लूकच्या शुभवर्तमानाच्या ४ थ्या अध्यायातला. येशू नासरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ६१ वा अध्याय वाचायला उभा राहतो, "प्रभूच्या कृपेचं वर्ष" इथपर्यंत वाचतो आणि पुस्तक गुंडाळून सेवकाला देतो. यशयात तिथंच पुढं लागून आहे "आपल्या देवाचा सूड घेण्याचा दिवस". येशू वाक्याच्या मध्येच थांबला. तर मध्ये थांबणं हे काही पाप नाही हे नक्की. पण तोच येशू वधस्तंभावर २२ वं स्तोत्र म्हणतो, आणि ६९ वं स्तोत्र, ज्यात शत्रूंवर एवढे कडक शब्द आहेत, ते शुभवर्तमानात त्याच्याबद्दल परत परत येतं, मंदिराच्या आवेशाचं वचन पण तिथलंच आणि आंब पाजल्याचं पण.

आता माझा मुद्दा, आणि तो मराठीतच नीट सांगता येतो. आपल्याकडं शाप वेगळा आणि तळतळाट वेगळा. शाप द्यायला माणसाकडं ताकद लागते, ऋषी देतात शाप. तळतळाट कुणाचा लागतो? ज्याचं काही चालत नाही त्याचा. विधवेचा, गरिबाचा, ज्याची जमीन खाल्ली त्याचा. आमची आजी म्हणायची कुणाचा तळतळाट घेऊ नको. ही स्तोत्रं म्हणजे तळतळाट आहेत. १३७ म्हणणाऱ्यांचं यरुशलेम इ.स.पू. ५८६ च्या सुमारास जाळलं, मंदिर पाडलं, त्यांना फरफटत बाबेलला नेलं, आणि वर नेणारेच म्हणतात सियोनेतलं एखादं गाणं म्हणून दाखवा की. त्यांनी वीणा झाडाला टांगून ठेवल्या. ते नववं वचन लिहिणाऱ्यानं खडकावर आपटलेली लेकरं बहुतेक स्वतः बघितली असणार, स्वतःची. त्याच्या हातात काही नाही, तलवार नाही, कोर्ट नाही, म्हणून तो देवाला सांगतोय. बोटं मोडतोय पण देवासमोर बसून मोडतोय.

एकदा हे डोक्यात बसलं की यादी करताना पहिला प्रश्न हा पडतो की आज खोलीत तळतळाट कुणाचा आहे. कुणाचाच नसेल, सगळे सुखात आहेत, वाढदिवस आहे, तर ती स्तोत्रं त्या दिवशी नकोत, उगाच पाजळून काय करायचंय. पण कुणाचा असेल आणि आपण फक्त २३ आणि १२१ असली धीराची स्तोत्रं वाचत बसलो, तर त्या माणसाला वाटतं की माझ्या पोटात जे आहे ते घेऊन इथं यायचं नाही. मग तो ते दुसरीकडं नेतो. कुठं नेतो ते आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे, अमावास्येला लिंबू घेऊन जाणारे काय फक्त दुसऱ्या धर्माचे असतात काय.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, २०१९ च्या पुरात शिकलो. ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेलेली, धोक्याची पातळी ४३, हायवे बंद, दूध नाही पेट्रोल नाही, ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. पाणी उतरल्यावर पहिली प्रार्थना आम्ही अशा एका घरात ठेवली की भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ, घरात डेटॉल आणि कुजक्या गादीचा वास, बसायला चटया शेजारून आणलेल्या. मी ६९ निवडलं. कारण त्याची सुरुवातच अशी की पाणी माझ्या गळ्याशी आलंय, मी खोल चिखलात रुततोय, पाय ठरत नाही. त्या खोलीत ते वाचताना अंगावर काटा आला, खरंच, कुणालाही समजावून सांगायची गरज पडली नाही.

पण मी शहाणपणा केला. २१ व्या वचनाला थांबलो आणि उडी मारून २९ पासून वाचलं. मधली सात वचनं, त्यांचं जेवणाचं ताट त्यांना फास होवो, डोळ्यांना अंधारी येवो, वस्ती ओस पडो, हे सगळं मनातल्या मनात गाळलं, वाटलं दमलेली माणसं आहेत, कशाला. प्रार्थना झाल्यावर घरातले काका म्हणाले, मधलं का सोडलं. मी म्हटलं जरा कडक आहे. ते म्हणाले, मला माहीत आहे काय आहे, मला पाठ आहे ते. तर झालं असं होतं की नुकसानीच्या पंचनाम्याच्या यादीत त्यांचं नावच आलं नव्हतं, कुणीतरी खोडलेलं का राहिलेलं देव जाणे, आणि ते दोन आठवडे चकरा मारत होते. मधल्या त्या सात वचनांत शेवटचं कुठलं आहे माहिताय का, जीवनाच्या पुस्तकातून त्यांची नावं खोडली जावोत. ते म्हणाले, माझ्या मनातलं जे आहे ते बरोबर तिथं लिहिलंय आणि तुम्ही तेवढंच गाळलं.

मग आम्ही परत बसलो. काकांनी स्वतः ती सात वचनं वाचली, हळू आवाजात, चष्मा पुरात गेलेला म्हणून पुस्तक लांब धरून. वाचून झाल्यावर म्हणाले, हां, आता म्हणा गाणं. यादीत नाव नंतर आलं, त्याचा आणि प्रार्थनेचा संबंध मी लावत नाही, तहसीलला अजून चार चकरा मारल्या म्हणून आलं.

तेव्हापासून मी करतो ते असं. स्तोत्र आधी दोन दिवस वाचतो आणि अवघड वचनं कुणाकडं येणार ते बघतो. एकेक वचन गोलानं वाचायची पद्धत या स्तोत्रांना चालतच नाही, कुणाच्या वाट्याला काय येईल सांगता येत नाही, आणि आळीपाळीनं वाचन, म्हणजे एक वचन वाचक एक वचन मंडळी, तेही नको कारण ५० जण एका सुरात "त्याची लेकरं पोरकी होवोत" म्हणतात ते ऐकायला भयंकर वाटतं, घोषणा दिल्यासारखं. एकच माणूस वाचेल, बाकीचे ऐकतील. वाचणारा शक्यतो वयस्कर किंवा ज्यानं काही सोसलंय असा, आणि त्याला आधी विचारून. तरुण संघातला आवाजदार पोरगा नको, तो नाटकातल्यासारखं वाचतो.

वाचायच्या आधी दोन वाक्यं, जास्त नाही. हे कोण म्हणतंय आणि त्याच्यावर काय गुदरलंय, बस. १३७ ला "घरदार जळालेले कैदी म्हणतायत". ५८ ला "हे उलटे निवाडे करणाऱ्या अधिकाऱ्यांबद्दल आहे", कारण पहिल्या वचनातच ते आहे, पण लोकांच्या लक्षात राहतं ते दात पाडण्याचं. खरं तर ५८ आमच्या भागातल्या पोरांना लगेच कळतं, त्यात गारुड्याचं न ऐकणारा बहिरा नाग आहे, आणि नागपंचमीचं बत्तीस शिराळा आपल्यापासून किती लांब, आणि विरघळत जाणारी गोगलगाय आहे, पावसाळ्यात मीठ टाकून बघितलेली नाही असं पोरगं दाखवा. ८३ ला त्या दहा नावांमध्ये, अदोम, मवाब, अम्मोन, अमालेक वगैरे, हरवू नका, १६ वं वचन दाखवा, तिथं शत्रूंची तोंडं लाजेनं भरू दे म्हणतो आणि लगेच म्हणतो की म्हणजे ते तुझं नाव शोधतील. १०९ ला हे सांगा की सुरुवातीला शत्रू अनेक आहेत आणि ६ ते १९ मध्ये एकदम एकटाच "तो" होतो, म्हणून काही अभ्यासक म्हणतात की ते शाप स्तोत्र म्हणणारा दावीद राजा देत नाही, त्याचे शत्रू त्याच्याबद्दल जे बोलतात ते तो देवाला ऐकवतोय. सगळे हे मानत नाहीत, मलाही शंभर टक्के पटत नाही, पण ऐकणाऱ्याला विचार करायला जागा मिळते.

जुने आचार्य १३७ च्या लेकरांचा अर्थ मनात नुकतेच जन्मलेले वाईट विचार असा लावायचे, ते वाढायच्या आत ख्रिस्त जो खडक त्याच्यावर आपटा. ओरिगेन, ऑगस्टीन सगळे. सुंदर आहे, प्रवचनाला जरूर वापरा. पण बाळ मांडीवर घेतलेल्या आईला लगेच तो अर्थ सांगू नका, तिला वाटतं तुम्ही तिच्या अंगावर आलेल्या शहाऱ्याची चेष्टा करताय.

आता एक नियम ज्याच्यात मी कसलीही सवलत देत नाही. शत्रूचं नाव घ्यायचं नाही. ना माणसाचं, ना भावकीचं, ना पार्टीचं, ना दुसऱ्या धर्माच्या लोकांचं. एकदा बांधाच्या भांडणातला एकजण मला म्हणाला की आमच्या घरी १०९ ठेवा, आणि कशाला ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. मी नाही म्हटलं. हे काही नवीन नाही, धर्मसुधारक कॅल्व्हिननं सोळाव्या शतकात १०९ वर लिहिताना हीच तक्रार केलीय की काही मठवासी पैसे घेऊन हे स्तोत्र लोकांच्या शत्रूंवर म्हणतात, आणि फ्रान्समधल्या एका बाईनं तर स्वतःच्या एकुलत्या एक पोरावर म्हणून घेतलं. म्हणजे करणीच की ती, फक्त हातात पवित्र शास्त्र. मंडळीतच दोन गट असतील, ट्रस्टचा वाद असेल, केस चालू असेल, तर ही स्तोत्रं त्या काळात बाजूला ठेवा आणि सांगून ठेवा की का ठेवलीत. प्रत्येकजण समोरच्या बाकावरच्याला बाबेल समजून वाचतोय अशा उपासनेत काय अर्थ आहे.

इथं जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर आठवतो. १९३७ मध्ये जर्मनीत नाझी सरकार पाळकांना उचलत होतं, तेव्हा त्यानं ५८ वरच प्रवचन केलं, आणि त्याचं म्हणणं असं की हे स्तोत्र म्हणायला लागणारं निर्दोष तोंड आपल्यापैकी कुणाकडंच नाही, ते फक्त ख्रिस्ताकडं आहे. ज्याला खरंच तुरुंग दिसत होता तो असं म्हणतो, मग बांधावरच्या अर्ध्या फुटासाठी आपण १०९ कुठल्या तोंडानं म्हणणार.

गाळायचं ठरलं तर असं गाळा. "आज आपण १३९ वाचतोय, १९ ते २२ सोडून, घरी गेल्यावर वाचा" एवढं मोठ्यानं म्हणायचं. लोक घरी जाऊन पहिलं तेच वाचतात, हा फायदाच. पण १३९ बद्दल मला वाटतं सोडूच नये, कारण द्वेषाच्या त्या चार वचनांना लागूनच येतं "देवा, माझं मन पारख, माझ्यात काही वाईट मार्ग आहे का बघ". स्वतःचा द्वेष ओकून झाल्यावर माणूस बिचकतो आणि म्हणतो आता मलाच तपास. मधलं काढलं की ते शेवटचं वाक्य नुसतं गोड होऊन जातं.

संडे स्कूलला १३७ ची पहिली सहा वचनं पुरतात, पण पोरांनी पुढचं विचारलं तर "ते मोठ्यांचं आहे" म्हणू नका, त्यांनी मोबाईलवर याच्यापेक्षा वाईट बघितलेलं असतंय, सरळ सांगा की खूप मार खाल्लेला माणूस बोलतोय. मातीच्या वेळी शाप असलेलं काहीच नको, तिथं मेलेल्या माणसाचे आणि भावांचे हिशोब आधीच हवेत असतात. ८८ मात्र मातीच्या वेळी नको पण महिन्याभरानं त्या घरी घ्या, जेव्हा नातेवाईक परत गेलेले असतात आणि ताटं कमी वाढली जातात. त्याच्यानंतर लगेच आशेचं गाणं लावायची घाई करू नका, स्तोत्रानंच केलेली नाही.

ती पोरगी नंतर दोन महिने प्रार्थनेला आली नाही. मी घरी जाऊन माफी मागितली, तिनं चहा दिला आणि म्हणाली, काका, वाईट वचनाचं नाही वाटलं, तुम्ही सगळे गाणं म्हणायला लागलात त्याचं वाटलं. म्हणून आता कडक स्तोत्र झालं की आम्ही दोन मिनिटं काहीच करत नाही. घड्याळ लावून दोन मिनिटं, कारण नाहीतर वीस सेकंदांत कुणीतरी खोकतं आणि पेटीवाला भाता हलवतो. मग ज्याला मोठ्यानं प्रार्थना करायची त्यानं करायची, नसेल तर प्रभूची प्रार्थना. आणि स्वयंपाकघरातल्या बायकांना सांगून ठेवलंय की चहाचा गॅस आशीर्वाद झाल्यावर पेटवायचा, आधी पेटवला की दोन मिनिटांत उतू जातो आणि सगळ्यांचं लक्ष तिकडंच.